गुलाब मास्तरांचं जॅझ

मुरुमच्या गुलाब मास्तरांनी उभी हयात लग्नांत क्लॅरनेट वाजवलं आणि एकच नियम पाळला: अक्षता पडल्या की वाजवायचं. सुरांचे नियम त्यांनी कधी मनावर घेतले नाहीत.

गेल्या वर्षी पुण्याची पोरं जुन्या जॅझवर बेतलेला, गाण्यांचा हसरा सिनेमा काढायला आली. मंगल कार्यालयात निळे दिवे लावून त्यांनी त्याचा क्लब केला आणि मास्तरांच्या बँडला काळे कोट चढवून मागं बसवलं. प्रसंग ताटातुटीचा होता. नायिका पाठ फिरवून निघाली, वरून रंगीत कागदाचे तुकडे पडले. डोक्यावर काहीतरी पडतंय म्हटल्यावर मास्तरांनी सवयीनं लग्नाची धून सुरू केली, पाठोपाठ ताशा कडाडला. दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी आलं. "खरं जॅझ हेच, नियम मोडून मनातून आलेलं," तो म्हणाला. त्याला चूक कळली नाही आणि मास्तरांना कौतुक पचलं नाही.

आता बँडच्या गाडीवर 'जॅझ मास्टर' लिहिलंय. सूर घसरला की मास्तर म्हणतात, "तुमाला कळायचं न्हाय, जॅझ हाय ते."

परवा सत्यभामाबाईंच्या लेकीच्या लग्नात त्यांनी मंगलाष्टकं अर्ध्यावर असतानाच क्लॅरनेट फुंकलं. लोक अक्षता टाकून जेवायला पळाले. भटजी आ वासून उभे राहिले. मास्तर पंगतीला बसले, तेव्हा शेवटी यायचं ताक सत्यभामाबाईंनी पहिलंच वाढलं, आणि लगेच पत्रावळ उचलली.

"उठा मास्तर," त्या म्हणाल्या, "हे बी जॅझच हाय."