फसली सनाप्रमाणे लावलेलं टेबल

माणसाच्या आकलनापलीकडची एक शक्ती या विश्वात नक्की आहे... आणि तिला फायलिंग येतं.

हे लिहिणारा मी, भुताच्या गोष्टी सांगणाऱ्याला तोंडावर हसणारा माणूस. आमचं ऑफिस औरंगपुऱ्यात, पहिल्या मजल्यावर – एक खोली, एक दार, गल्लीकडे जाळी लावलेली खिडकी. काम म्हणजे निजामाच्या काळातले उर्दू कागद मराठीत आणणं. सिद्दिकी चाचा वाचतात, मी लिहितो, सर सही-शिक्का करतात.

गेल्या वर्षी सर कुठल्यातरी वर्कशॉपहून टेबल आवरायचं शास्त्र शिकून आले. भिंतीवर 'स्वच्छ टेबल, स्वच्छ विचार'. मोबाईल सायलेंट करून ड्रॉवरमध्ये. टेबलावर जेवण बंद. आम्हा दोघांना उभं करून शपथही दिली. शपथेनंतर माझ्या टेबलावर चहाचे कप, चार्जर, शब्दकोडं आणि कागदांचा ढीग होता. शपथेआधीही तेवढंच होतं.

"मियाँ, ये टेबल है के कबाडखाना?" चाचा रोज विचारायचे.

एका बुधवारी सिल्लोडकडचे बबनराव आले. मुलीच्या कॉलेज प्रवेशासाठी पणजोबांची जुनी नोंद दाखवायची होती. चार वाजता कॉलेजची खिडकी बंद होणार, आणि तोच शेवटचा दिवस. भाषांतर तयार होतं. मूळ कागद माझ्या टेबलावर होता... म्हणजे असायला हवा होता.

"सायेब, एवढा एकच कागद हाय. झेरॉक्स बी नाय काढली," बबनराव म्हणाले. "पोरीला काय सांगू?"

ढीग तीनदा उपसला. नाही. शेवटी सरांनी फर्मान काढलं – आधी जेवण, मग शोध. दाराला कुलूप, किल्ली सरांच्या खिशात. समोरच्या खानावळीत आम्ही चौघं बसलो. तिथून आमचा जिना सरळ दिसतो. वर कुणी गेलं नाही. बबनराव ताट सोडून जिन्याकडे बघत होते. चाचा माझ्या शेजारी बसून माझं दही संपवत होते.

परत येऊन कुलूप काढलं, तर टेबल आवरलेलं!

कप धुऊन पालथे. माझा मोबाईल ड्रॉवरमध्ये, सायलेंट. कागदांचे नीट गठ्ठे – उर्दू वहीसारखे उजवीकडून उघडणारे, जुन्या कागदांवरच्या फसली सनाप्रमाणे, म्हणजे निजामाच्या महसुली वर्षाप्रमाणे, क्रमानं लावलेले. तो सन मला आजही धड वाचता येत नाही. सगळ्यात वर एकटाच कागद, बबनरावांच्या पणजोबांचा. शब्दकोडं घडी घालून ठेवलं होतं. अडलेला शब्द मात्र कुणी भरला नव्हता.

चाचांनी चष्मा पुसला. "किसी पढे-लिखे का काम है."

"तुमचंच असणार!"

"मेरा? मेरेकू घर में अपना चश्मा नहीं मिलता, बाबा."

"शपथेचा परिणाम," सर गंभीरपणे म्हणाले.

बबनराव तोवर कागद घेऊन जिना उतरत होते. "ज्यानं कुनी केलं त्याचं भलं होऊ द्या!"

मी मग एकेक शक्यता तपासली. कुलपाला दुसरी किल्ली नाही. जाळीतून मांजरही येत नाही, आणि आलं असतं तरी उर्दूचा प्रश्न उरतोच. प्रयोग म्हणून पुढचे पंधरा दिवस मी टेबल मुद्दाम पसरून जेवायला गेलो. परत आल्यावर पसारा होता तिथंच.

महिन्याभरानं बबनराव पेढे घेऊन आले. प्रवेश झाला होता. त्या कागदाकडे बघून तिथं काय म्हणाले, असं मी विचारलं.

"खिडकीवरच्या बाईनं वाटेत काढलेली झेरॉक्स ठिवून घेतली," ते म्हणाले. "ओरिजिनल हातात बी धरलं नाय."