ताईला पहिलं कुंकू

बजाजनगरात आमच्या गल्लीत निम्मी घरं ट्रक ड्रायव्हरांची. तिथं घरोघरी जाऊन एचआयव्हीची माहिती द्यायची, हे माझं काम. मी माहितीचा तक्ता उघडला की बायका पदर सावरून उठायच्या. आमच्याकडची माणसं तसली नाहीत, एवढंच म्हणायच्या. त्या नवऱ्याची अब्रू राखत होत्या, हे मला कळायचं. मी तक्ता गुंडाळून पुढच्या घरी जायचे.

माझी मोठी बहीण बिडकीनला राहते. मेव्हणे ट्रकवरच होते. ते याच आजारानं गेले आणि त्यांच्या आजारपणातच ताईलाही लागण झाल्याचं कळलं. सरकारी दवाखान्याच्या रोजच्या गोळ्यांवर ती आज ठणठणीत आहे. पण माहेरच्यांखेरीज हे कुणाला ठाऊक नव्हतं.

यंदा संक्रांतीला ती माझ्याकडं आली. माझं गाऱ्हाणं ऐकून म्हणाली, हळदीकुंकवाला बायका जमतील तेव्हा मीच बोलते. मी घाबरले. सासूबाईंना तर यातलं काहीच माहीत नव्हतं. ताईनं स्वतःच त्यांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बोलायचं तर कोपऱ्यात नको. मधी बस."

संध्याकाळी घर भरलं. सासूबाईंनी पहिलं हळदीकुंकू माझ्या विधवा बहिणीला लावलं. ताई सावकाश बोलली.

"माझा नवरा लई चांगला माणूस होता. हे वाईट माणसालाच होतं, असं आम्हीबी समजायचो. म्हणून तपासलं नाय. नवऱ्याच्या आयुष्यासाठी तुम्ही कुंकू लावता, व्हय ना? मग त्याच्यासाठीच दोघं मिळून तपासून घ्या. वेळेत कळलं तर माणूस जगतो."

कुणी उठलं नाही. एका ड्रायव्हरची बायको ताईजवळ सरकली आणि तुमच्या हातचं खाल्लं तर चालतं का, असं तिनं हळूच विचारलं. ताई हसली आणि तिनं तिळाची वडी उचलून त्या बाईच्या हातावर ठेवली. त्या बाईनं ती सगळ्यांदेखत खाल्ली.

पुढच्याच आठवड्यात ती नवऱ्याला घेऊन तपासणीला आली. तिच्यामागून आणखी जोडपी आली. पुरुष लाजत आले, पण आले. निरोधची पाकिटं आता बायका स्वतः मागून घेतात.

आता शेंद्र्याच्या कामगारवस्तीतूनही ताईला बोलावणं येतं. मी सोबत जाते. ह्या कोण, असं कुणी विचारलं की ताईच्या आधी मीच सांगते, माझी सख्खी बहीण.