खालच्या कोपऱ्यातलं हिरवं बटण

माझ्या अक्षराला कुणी हसू नये. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यानंतर पेन हातात आलं ते सहीपुरतं. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील, ओळी खाली घसरल्या असतील, त्याची माफी असावी. ही वही कुणाला दाखवायची नाही, पण उद्या कुणी उघडलीच तर आधी सांगितलेलं बरं. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

खांदा कॉलनीत मी ज्या ताईंकडे पोळी-भाजी आणि लादी-भांडी करते, त्या घरूनच कंपनीचं काम करतात. त्यांची कंपनी घरकामाच्या बायकांसाठी फोनवर अ‍ॅप चालवते. मालकिणी त्यात पगार टाकतात आणि तो आमच्या खात्यात येतो. ताईंची नोकरी नवी होती, अजून कायम झाल्या नव्हत्या. त्यातच कळंबोलीला स्कूटरवरून पडल्या आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. सुट्टी मागायची सोय नव्हती.

"मावशी, तुम्ही जरा माऊस धरता का? मी सांगते तिथे फक्त दाबायचं."

मी हात तीनदा धुतले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. लॅपटॉपच्या पडद्यावरचा बाण माझ्या हाती काही लागेना.

"अहो, लाटणं नाही ते. सैल धरा."

काम असं होतं. अ‍ॅपमध्ये फोनवरूनच पगारातून उचल घेण्याची नवी सोय केली होती. ती सगळ्या बायकांच्या फोनमध्ये जाऊन बसली होती, पण बंद. ताई ज्यांचे नंबर यादीत घालतील आणि बटण चालू करतील, त्यांनाच ती दिसणार. या बटणांना ते लोक फ्लॅग म्हणतात. मला काही उमगेना.

"तुमच्याकडे पाणी कसं येतं?" ताईंनी विचारलं.

"चावीवाला सोडतो."

"मग तसंच. पाइप सगळ्या गल्ल्यांत टाकलाय, पण ज्या गल्लीची चावी फिरवली तिथेच पाणी. आधी एका गल्लीत सोडून बघायचं, कुठे गळतंय का."

हे मला लगेच कळलं. आमच्या गल्लीत गळतंच.

यादीत वीस बायका होत्या. एक मी, आणि माझ्या शेजारणीचं नाव मीच सुचवलेलं. हिरवं म्हणजे चालू, राखाडी म्हणजे बंद. ताई सांगत ते बटण मी चालू करायची, मग माझ्याच फोनवर बघायचं, नवीन पान दिसतंय का, वाचता येतंय का. "तुम्हाला कळलं तर सगळ्यांना कळेल," असं त्या म्हणायच्या. त्याचं वाईट नाही वाटलं. एकदा मी म्हटलं, 'रक्कम नमूद करा' कशाला, 'किती हवेत' असं लिहा. त्यांनी खरंच तसं लिहिलं. त्या दिवशी मी घरापर्यंत चालत आले, रिक्षा करायची आठवणच झाली नाही.

शुक्रवारी चूक झाली. ताई आतल्या खोलीत फोनवर बोलत होत्या आणि माझी निघायची वेळ झाली होती. दुसऱ्याच्या घरातून निघताना मी गॅस बघते, गीझर बघते, दिवे-पंखे बंद करते. पूर्वी एका घरी लाइटबिलावरून बोलणी खाल्ली, तेव्हापासूनची सवय. टेबल पुसताना पडद्याकडे लक्ष गेलं. उचलीचं बटण चालूच ठेवायचं हे मला माहीत होतं. बाकीची त्या दिवसाची बटणं आम्ही बंद केली होती. पण खालच्या कोपऱ्यात अजून एक हिरवं होतं, ज्याला आम्ही कधी हात लावला नव्हता. राहिलं असेल, असं वाटलं. बंद केलं, चपला घातल्या आणि निघाले.

शनिवारी सकाळी नळावर शेजारीण हसतच आली.

"वयनी, तुजा फोनवाला लय दिलदार हाय गो! किती हवेत इचारतो. मी लिवले नऊ हजार. दिले की!"

"नऊ?"

"पोरीची कालेजची फी भरून पन टाकली. तू पन घे, लाजतेस काय?"

माझी कळशी भरून वाहू लागली तरी मी उभीच. एका वेळी दोन हजारांच्या वर उचल मिळत नाही, हे मी स्वतः तपासलं होतं. घरात जाऊन फोनवर पाच हजार लिहून बघितले. पुढे दाबलं नाही, पण कुणी अडवलंही नाही. कोपऱ्यातलं ते हिरवं बटण म्हणजे दोन हजारांची मर्यादा होती.

रविवारी घरात पाय ठरेना. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले. वडाळे तळ्याला दोन चकरा मारल्या, तिसरी अर्ध्यात सोडून परत आले. घरी आले तर वाटलं, बाहेरच बरं होतं.

सोमवारी ताईंचं तोंड उतरलेलं होतं. कंपनीने उचलीची सोय बंद केली होती. "डाव्या हाताने माझ्याकडूनच काहीतरी दाबलं गेलं," असं फोनवर कंपनीतल्या साहेबांना सांगत होत्या. मी पोळ्या लाटत होते, दोन करपल्या. बोलायचं म्हणून दारापर्यंत गेले आणि परत आले. मंगळवारीही तसंच. "आता मला कायम करतील असं वाटत नाही," त्या कुणाला तरी फोनवर म्हणाल्या, तेही मी ऐकलं आणि भांडी घासत राहिले.

बुधवारी किराण्याच्या बिलामागे लिहिलं, 'ताई ते बटण मी बंद केलं'. चिठ्ठी लॅपटॉपजवळ ठेवली आणि स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहिले.

"मावशी, नळ बंद करा." ताई दारात होत्या. "का केलंत?"

"राहिलंय वाटलं."

"विचारायचं ना!"

"तुम्ही फोनवर होता."

"आणि हे पाच दिवस?"

मी नळ बंद केला. ताईंनी डाव्या हाताने फोन उचलला. मग त्यांनी साहेबांना खरं सांगितलं, की लॅपटॉप उघडा ठेवला आणि माऊस दुसऱ्याच्या हातात दिला. माझं नाव घेतलं नाही, घरातलं माणूस म्हणाल्या. साहेब फार ओरडले. दोन हजारांच्या वर फक्त शेजारणीनेच घेतले होते. शेवटी ठरलं की तिचे वरचे सात हजार तीन महिन्यांत परत आले तर ताईंना कायम केल्याचं पत्र मिळेल. सोय पुन्हा सुरू झाली, आणि ते मर्यादेचं बटण आता कुणी बंद करायला गेलं की आधी दोनदा विचारतं, आणि मराठीत विचारतं. ते मराठी ताईंनी माझ्याकडून वाचून घेतलं.

शेजारणीला सांगितलं तर ती भडकली.

"मी काय चोरी केली? फोननी दिले, मी घेतले."

"तसं नाय गो. त्या ताईची नोकरी जायल."

"मंग कालेजात जाऊन फी परत मागू?"

चार दिवस तिने नळावर तोंड फिरवलं. पाचव्या दिवशी मी म्हटलं, चूक माझी, निम्मे मी भरते. त्यावर अजूनच चिडली. "मला भिकारीण समजलीस? उचल मी घेतली, मीच फेडीन. तू मला कामाला अजून एक घर लावून दे."

घर लावून देणं म्हणजे अनोळखी दारात जाऊन बोलणं. ताईंच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या दाराशी मी तीनदा जाऊन आले. चौथ्या वेळी त्यांनीच दार उघडलं, कचरा ठेवायला. जे बोलायचं ते मी कचऱ्याच्या डब्याकडे बघत बोलले. काकू म्हणाल्या, "पाठव तिला उद्या."

पहिले दोन महिने तिने हप्ते वेळेवर भरले. तिसऱ्या महिन्यात ती आठ दिवस तापाने पडली आणि पगार कापला गेला. मी तिच्या उशीखाली आठशे रुपये ठेवले. बरी झाल्यावर उरणजवळच्या मोरा गावातल्या माहेराहून सुकट घेऊन आली आणि म्हणाली, "लय झालीय, घे."

शेवटचा हप्ता भरायला ती माझ्याबरोबर ताईंकडे आली. दारातच उभी राहिली, आत येईना. ताईंनी लॅपटॉपचा पडदा तिच्याकडे फिरवला. 'बाकी' या शब्दापुढे शून्य होतं. तिने त्यावर बोट टेकवलं.

"सगले फिटले ना?"

"सगळे," ताई म्हणाल्या.