पित्तरातला फेर

अमडापुरात तिला सगळे जपानवाली म्हणत. भेटेल त्याला ती कमरेत वाकून नमस्कार करी. मग तो एसटीचा कंडक्टर असो की दारावर आलेली भाजीवाली. पोरं तिची नक्कल करत. ती त्यांनाही वाकून नमस्कार करी.

नर्सिंग शिकून ती जपानमधल्या एका वृद्धाश्रमात कामाला गेली होती. वडील वारले तेव्हा तिला येता आलं नाही. वर्षाने, भाद्रपदातले पित्तर लागले त्या दिवशी, ती पंधरा दिवसांच्या रजेवर आली. आई तिला जेवायला वाढी, पण बोलत नसे. शेजारणींशी मात्र मोठ्याने बोले, "बापाच्या मातीले आली नाही, आता काऊन आली?" त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच होती; ते आम्हाला ऐकू येई, तसं तिलाही.

तिकडे जपानात उन्हाळ्यात पूर्वज घरी येतात, असं मानतात. त्यांच्यासाठी कागदी कंदील लावतात, मचाणाभोवती फेर धरून नाचतात, आकाशात दारूकाम होतं. आश्रमातल्या म्हाताऱ्यांसोबत ती वडिलांसाठी नाचली होती. तेच गावात करायचं तिने ठरवलं.

"पित्तरात कोणी नाचते का वो?" बायका म्हणाल्या.

"भुलाबाई पित्तरातच बसते ना? मंग पोरी गाणी म्हणत टिपऱ्या काऊन वाजवतात?" तिने विचारलं.

दारूकाम तिने स्वतःच वगळलं, गुरं बुजतात. बाकी प्रत्येक दारात तिचं एकच म्हणणं, "आधी करून पाहू, मंग नाही म्हणा."

ताजिये करणाऱ्या चांदभाईंनी कामट्यांचे कंदील बांधून दिले. प्रत्येकावर एकेका घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव. "बेटी, मेरे अब्बा का भी लिख," ते म्हणाले. "कागज बडा ले, लंबे थे."

सर्वपित्रीच्या आदल्या संध्याकाळी शाळेच्या मैदानात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीभोवती बायकांनी फेर धरला. गाणी भुलाबाईची, हात जपानी. निम्म्या जणी उलट्या फिरल्या आणि समोरच्यांवर आदळल्या. "अवं, डोळे हायेत का बटणं!"

वडिलांच्या नावाचा कंदील जपानवालीने पेटवला नव्हता. तो आईने पेटवावा म्हणून ट्रॉलीच्या कडेला ठेवला होता. सकाळी तिला निघायचं होतं.

आई आली तेव्हा फेर मोडत आला होता. तिने पदराआड काडी ओढली, कंदिलातली पणती लावली. मग लेकीकडे वळून म्हणाली, "वात वर काढ. तुह्या बापाले कमी दिसे."