दुभाजकापाशीचा विसावा

आमच्या ऑफिसात खोळंब्याचा हिशोब चालतो. कंपन्यांच्या बस, ट्रक, भाड्याच्या गाड्या यांच्यातलं जीपीएस सारखं 'मी इथे आहे' असं कळवत असतं. त्या ठिपक्यांवरून कोणत्या चौकात गाड्या किती वेळ अडकतात, ते आम्ही काढतो. दिवसभर लोकांचा खोळंबा मोजायचा आणि संध्याकाळी कासारवाडीला स्वतःच त्यात अडकायचं, असलं हे काम.

चाकणच्या अलीकडे माझं सासर. गावासमोर दुभाजकात एक फट होती. सिग्नल नाही, गतिरोधक नाही, तरी सकाळच्या रिकाम्या रस्त्यावरही ठिपके तिथे येऊन साचायचे. साहेब म्हणाले, "मशीनची चूक असेल, पुसून टाका." पुसण्याआधी मी तिथे जाऊन उभी राहिले. एक बस आली आणि फटीपाशी थांबली. कोणी चढलं नाही, उतरलं नाही, साधं कुत्रंही आडवं गेलं नाही. ड्रायव्हरला विचारलं, तर तो खांदा चोळत म्हणाला, "काय की ताई, इथं आलं की खांदा भरून यायलाय. जरासं थांबलं की उतरतंय."

घरी सासऱ्यांना सांगितलं. त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांना जराही नवल वाटलं नाही.

"व्हय, मग? आपला इसावा हाय तो."

गावातलं माणूस गेलं की तिरडी नदीवर नेताना वाटेत एकदा खाली टेकवायची, खांदेकऱ्यांनी जागा बदलायच्या आणि मग पुढे जायचं. ती जागा म्हणजे विसावा. रस्ता रुंद झाला तेव्हा ती डांबराखाली गेली, पण रहदारी अडवून तिरडी त्या फटीतच टेकवली जायची.

"मला बी तिथंच टेकवा," आबा म्हणाले. "न्हाई टेकवलं तर माणूस वाटंतच ऱ्हातं."

फट बुजवायचं घाटत होतं. मी साहेबांना विसाव्याचं सांगून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे ज्या दयेने पाहिलं, त्याचा राग अजून गेलेला नाही. थोड्याच दिवसांत तिथे सिमेंटचे ठोकळे आले. आबा ओट्यावर बसून तिकडे बघत राहायचे.

दिवाळीनंतर ते गेले. फट बुजल्यावर नदीकडे जायला पुढच्या चौकापर्यंत वळसा पडायचा; तो खांद्यावरून शक्य नव्हता, म्हणून रहाटणीहून भाड्याची शववाहिका मागवली. ठोकळ्यांपाशी क्षणभर गाडी थांबवायची, जमलं तर टेकवायचं, असं ठरलं होतं. नवरा परत आला तो दारातच रडायला लागला.

"आबांना टेकवलं नाही गं. मागून ट्रक नुसते अंगावर येत होते. गाडी थांबवताच आली नाही."



सुतक संपल्यावर कामावर गेले आणि त्या दुपारचे ठिपके उघडले. आम्हाला गाडीचा नंबर दिसत नाही, पण आमच्या आळीतून निघून नदीवर गेलेली गाडी एकच होती. ती ठोकळ्यांपाशी थांबली होती. चार माणसं जागा बदलतील इतका वेळ. मागचे ट्रकही तेवढाच वेळ जागच्या जागी उभे होते.

मी घाबरायला हवं होतं. पण इतकं बरं वाटलं की स्क्रीनसमोरच हात जोडले. आबांना टेकवलं होतं. कोणी टेकवलं, ते गाडीत बसलेल्या एकालाही माहीत नाही.