ही शेती नव्हे

“सर, यात चूक काय आहे?”

टी.वाय.ची सुलभा स्टाफरूमच्या दारात पेपर धरून उभी होती. दहापैकी शून्य. शेजारी माझा लाल शेरा: ‘ही शेती नव्हे, गणित आहे.’

तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या दशकात, मी रत्नागिरीच्या एका कॉलेजात शिकवायचो. शिकवायचो कसला, नाटकाचे प्रयोग लावायचो! मोनोटोनिक फंक्शन म्हणजे पुढे जाताना कधीच खाली न उतरणारं. एकाच रेषेवर चालायचं, तर त्यात अचानक उडी मारणाऱ्या जागा क्रमांक लावता येतील एवढ्याच असतात. म्हणून त्याचं इंटिग्रेशन होतं. दोन व्हेरिएबल आले तरी कारण हेच, असं मी वर्गात हात उंचावून जाहीर केलं होतं. टाळ्या तेवढ्या राहिल्या. परीक्षेतही हेच सिद्ध करायला दिलं होतं.

“दोन कुणगे धरा सर,” सुलभा म्हणाली. कुणगा म्हणजे उतारावरचा भातखाचराचा तुकडा. “पूर्वेला किंवा उत्तरेला जाताना उतरायचं नाही, एवढीच अट. खालच्याची उंची शून्य, वरच्याची एक. मधली मेर तिरपी, वायव्येकडून आग्नेयेला.” मेर म्हणजे बांध.

“बरं, मग?”

“मेरेवरून पूर्वेला सरकलं की दक्षिणेलाही सरकतो. तिथे अट लागूच होत नाही. शून्य ते एक, हवी ती उंची द्या. उडी मेरेच्या प्रत्येक बिंदूवर. क्रमांक कसे लावणार?”

“म्हणजे इंटिग्रेशन बुडालं!” मी शेवटचा डाव टाकला.

“नाही सर. रेघेला क्षेत्रफळ कुठे असतं? इंटिग्रेशन होतंच. वर्गातलं कारण तेवढं चालत नाही.”

माझे कान तापले. ‘मेर’ शब्द दिसताच मी पुढचं वाचलंच नव्हतं. आणि याच परीक्षेतल्या पहिल्याचं नाव मुंबईच्या गणिताच्या उन्हाळी शिबिराला जाणार होतं. जागा एकच. सुलभा त्या शून्यामुळे दुसरी आली होती.

मी आमच्या विभागाच्या हेडसरांकडे धावलो.

“नाव परवाच गेलं,” ते म्हणाले. “आता पोस्टमनच्या मागे पळणार?”

“चूक माझी आहे, सर.”

“तुमचा आवाजच असा, की चूकसुद्धा थिअरम वाटते.”

मी स्वतः शिबिरवाल्यांना पत्र लिहिलं. उत्तर आलं: जागा भरली. मी वर्गासमोर चूक कबूल केली, खडू सुलभाला दिला आणि मागच्या बाकावर बसलो. तिने छान समजावलं. शिबिराला मात्र ती गेली नाही ती नाहीच.

तेव्हापासून शून्य मी पेन्सिलीने देतो, आणि तेही पेपर शेवटपर्यंत वाचून.