पाणी पुरतं का?

सरूबाईंचं घर वेल्ह्याच्या डोंगरातल्या एका वाडीत. मार्च लागला की वाडीतली विहीर आटायची आणि त्यांची सून खालच्या झऱ्यावरून हंडे वर आणायची. दिवसाला सहा खेपा. कंबर धरली तरी सुट्टी नाही.

मी काम करते त्या संस्थेच्या पाणी-सर्व्हेच्या फॉर्मवर याच घराचं उत्तर होतं : पाणी पुरते.

फॉर्म माझा होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मराठी नीट लिहिते याचा अभिमान आहे, तेव्हाही होता. 'आपल्या कुटुंबास पुरेसे पाणी उपलब्ध होते काय?' हो किंवा नाही. संस्थेच्या पुण्यातल्या ऑफिसात सगळ्यांना आवडला.

अख्ख्या वाडीने 'हो' सांगितलं होतं. सर्व्हेचे प्रमुख असलेले सर म्हणाले, "मग पाण्याची टाकी द्यायच्या वाड्यांच्या यादीतून ही वाडी काढू."

सर्व्हेला वाडीकडे चढताना हंडे घेतलेल्या बायका मी स्वतः पाहिल्या होत्या. सरांकडे सोमवारपर्यंत मुदत मागितली आणि परत गेले.

सरूबाईंनी मागच्या वेळेसारखाच पाण्याचा तांब्या पुढे केला. मी प्यायले आणि विचारलं, पुरतं असं का सांगितलंत?

"आत्ता तूच प्यालीस न्हवं? पावण्याच्या हातात तांब्या द्यायचा आन् पुरत न्हाई म्हनायचं? मग तू घोट तरी घेशील का?"

आतून सून म्हणाली, "कालिजात ह्ये शिकवत न्हाईत वाटतं."

आमच्या गावी, कामथडीला, माझी आईसुद्धा हेच म्हणाली असती. मला लिहिताना सुचलं नाही. फॉर्म छापण्याआधी चार घरांत विचारून बघायचा असतो, त्याला पायलट म्हणतात. मी तो ऑफिसातल्याच चौघांवर उरकला होता.

प्रश्न बदलला. 'काल पाण्याच्या किती खेपा झाल्या? कोणी केल्या?' पुरतं की नाही हे विचारायचंच नाही, काल काय झालं ते विचारायचं. तेही अंगणात, पाणी पुढे येण्याआधी.

सून म्हणाली, "लिवा, सहा. सासूबाईंची एक बी न्हाई." सरूबाई हसल्या. आकडा त्यांनीही नाकारला नाही.

सोमवारी ऑफिसात वाडीचे नवे आकडे पाहून सरांनी विचारलं, "म्हणजे आधीचे फॉर्म खोटे भरले?"

"फॉर्म बरोबर भरलेत, सर. प्रश्न चुकला होता. माझा."

खरं उत्तर देताना माणसाला कमीपणा येत असेल, तर मिळालेलं उत्तर खरं धरून चालू नये. एवढं मी त्या वाडीत शिकले.

वाडी यादीत राहिली. पुढच्या उन्हाळ्याआधी झऱ्यावर सोलर पंप बसला, वर टाकी झाली. मे महिन्यात सरूबाईंच्या दारातल्या नळाला पाणी होतं.